दोन नळ्या, एक परवाना

६ ऑक्टोबर, सोमवार
पोलीस ठाण्यातून पुन्हा हात हलवत परत. डॅडींच्या बंदुकीचा परवाना दहा वर्षं माझ्या नावावर आहे, आता रिन्यू होणार नाही म्हणे. परवान्यात लिहिलंय ‘सिंगल बॅरल, नंबर ४४७१’. बंदुकीला नळ्या दोन, नंबर १८८६२. हवालदार म्हणतो, “मॅडम, बंदूक दुसरी दिसून राहिली.” मी म्हटलं, बंदूक तीच आहे, तुमच्या कारकुनाला दोनपर्यंत मोजता येत नाही.
ठराव: बंदुकीचा पूर्ण अभ्यास करून इंग्रजीत अर्ज. त्यांना समजला नाही तरी चालेल.

७ ऑक्टोबर, सकाळी १०
डॅडी कोणाला हात लावू देत नसत, त्यामुळे आज प्रथमच नीट पाहिली. भिंगातून: नळ्यांमधल्या पट्टीवर ‘बर्मिंगहॅम’. खाली मुकुटाचे शिक्के. बाजूला कोरलेला तित्तर. किती डॅडींसारखं! बिबट्याची गोष्ट सांगताना ते नेहमी ‘धाड, आणि लगेच दुसरा धाड’ म्हणत. म्हणजे नळ्या दोनच. आणखी काय पुरावा हवा?
लिव्हर ढकलली. नळ्या वाकल्या, बोट सापडलं. मेकॅनिझम उत्तम.

९ ऑक्टोबर
डावा घोडा अर्ध्यातच अडकतो. भाच्याला, ऋषिकेशला, फोटो पाठवले. मिहानच्या आयटी कंपनीत कॉम्प्युटरपुढे बसतो, स्वतःला इंजिनियर समजतो. म्हणाला, “मावशी, ते बिघडलंय.” मूर्ख. ही जुनी इंग्लिश सेफ्टी आहे. अर्जात घातलं.
वर विचारतो, गेल्या इलेक्शनला सगळ्यांच्या बंदुका ठाण्यात जमा झाल्या, तेव्हा परत घेताना तू उघडून पाहिली होतीस का? पन्नास पुरुषांच्या रांगेत मी कव्हर उघडत बसू? सही केली, रिक्षात ठेवली, आले.

११ ऑक्टोबर, दुपारी
आज तो रुपराव थेट दारात. बँकेतला रिटायर्ड गार्ड. वर्षभर याची पत्रं येताहेत, सगळी रद्दीत. म्हणे त्याची बंदूक माझ्याकडे, माझी त्याच्याकडे. “बाई, बंदूक नाई म्हणून सोनाराकडची ड्युटी गेली. सालभरापासून काठी घेऊन पार्किंगमधी उभा राहून राहिलो.”
काठी धरण्यात कमीपणा कसला, म्हटलं. दार लावलं. चांगली वस्तू दिसली की लोकांचे डोळे फिरतात.

१३ ऑक्टोबर, संध्याकाळी ४
हवालदाराने दोघांना बंदुकांसकट बोलावलं. ठाण्यात समोरासमोर. मी अर्ज वाचायला उभी राहिले. दुसऱ्या परिच्छेदात हवालदाराने जांभई दिली. रुपराव लांब बाकावर, बंदुकीकडे न बघताच म्हणाला, “डावा घोडा अर्धाच चढते, स्प्रिंग गेली हाये. आन् दस्त्यामागची लोखंडी पट्टी काढा. आत माह्या बापाचं नाव हाये.”
स्क्रू काढले. लाकडात नाव-गाव कोरलं होतं: केशव, खापा.
मी म्हटलं, डॅडींनी ती या केशवकडून घेतली असेल. हवालदार स्क्रू परत बसवत होता.
मग रुपरावने सोबत आणलेलं कव्हर उघडलं. एक नळी. ४४७१. तेल लावलेली, दस्त्यावर दसऱ्याचं कुंकू. “दुसऱ्याची वस्तू, बाई. इमानदारीनं ठेवली.”
सही करताना पेन चालेना. पेन माझंच होतं.

१४ ऑक्टोबर
परवाना रिन्यू झाला. डॅडींची बंदूक घरी आहे. भिंगातून पाहिली: नंबरखेरीज एकही शिक्का नाही. दोन तास झाले, उघडत नाही. रुपरावांना फोन करायचा नाही, हे नक्की.

५.४०
केला. आधी सॉरी म्हटलं, जरा घाईघाईत. मग विचारलं, उघडायची कशी?
“ते उघडतच नाई, बाई. गंज धरून जाम हाये.”
वर्षभरात एवढा गंज?
“छे वं बाई! लय जुना गंज हाये तो. पन्नास-साठ वर्सांचा तर असनच.” वर म्हणाले, “शोभेले मस्त हाये. भितीवर लावून द्या.”
उद्यापासून ते पुन्हा सोनाराकडे ड्युटीवर.
घरात एक धड खिळा नाही.