काकडाविना शेवळं
रविवार, ज्येष्ठ महिना, १९८७

सुमे, माझ्या वहीचं कालचं पान लिहायचं विसरलीस. म्हातारी तू की तुझी आजी? आता मी सांगते तसं लिही.

आज टीव्हीवरच्या कार्टुनात चंद्रावरचा लोखंडी माणूस नि त्याची मैत्रीण कोंबडी भांडत होती. मी हसले. मी नि डोंगरवाडीची ठकी, आमचीही जोडी तसलीच. मग कोंबडी बोलेनाशी झाली नि मी टीव्ही बंद केला.

सकाळी ठकीने तिच्या शेजारणीच्या हाती शेवळाची रानभाजी धाडली, पण सोबत काकडाची आंबट फळं नाहीत. ‘काकड नाय तर शेवळं नाय गं, घसा खाजंल,’ हे तिनेच मला शिकवलेलं. इतक्या वर्षांत ती कधी विसरली नाही. काकडं का नाहीत? स्वतः का नाही आली?

आईला सांग, ठकीला बरं नसावं, उजाडताच वाडीवर न्यायला किटलीभर पेज करायची. दोघींपुरती. मीच नेईन, ठकी एकटी जेवत नाय.