चार नंबरच्या बाटल्या

२ मार्च. सकाळी ६.
आजपासून तळ्याचं काम. हे गेल्याला अकरा महिने झाले. डॉक्टर म्हणाले, मन कशात तरी गुंतवा. गुंतवलं. तळ्याच्या पाण्यात फॉस्फेट, नायट्रेट किती ते मोजायची मोहीम आहे. ती वाढली की शेवाळ माजतं, मासे मरतात. मला चार नंबरचं ठिकाण मिळालं. महिन्यातून दोनदा तीन बाटल्या भरून प्रयोगशाळेत पाठवायच्या. बाकीचे स्वयंसेवक हौशी आहेत. मी केमिस्ट्रीची पदवीधर. चाळीस वर्षांपूर्वीची, पण फर्स्ट क्लास.
पत्रकात लिहिलंय, बाटल्यांना साबण लावू नये, तळ्याच्याच पाण्याने तीनदा विसळाव्यात. हे काय धुणं झालं? सूचना सगळ्यांसाठी असतात, म्हणून खालच्या पातळीवर लिहितात. मी कपड्यांची पावडर लावून ब्रशने घासल्या.
घरातले पाऱ्याचे थर्मामीटर जमा करा, असंही आहे. ह्यांचा एक आहे. पुढच्या आठवड्यात देईन.

२० मार्च.
निकाल आले. सगळ्या तळ्यात सर्वांत जास्त फॉस्फेट माझ्या ठिकाणी. इतरांच्या वीसपट. प्रयोगशाळेतली मुलगी फोनवर म्हणाली, मावशी, नमुना नीट घेतला होता ना? तिला सांगितलं, मी अनीट काही करत नाही.
कारण डोळ्यांसमोर आहे. ठिकाणापासून साठ पावलांवर लाँड्री. मालकीण एकटी चालवते. ह्यांच्या आजारपणात चार महिने रोजच्या चादरी तिनेच धुतल्या. सकाळी न्यायची, संध्याकाळी आणून द्यायची. न सांगता. पण तत्त्व ते तत्त्व.
यापुढे बाटल्या दोनदा घासायच्या.

९ एप्रिल.
आकडा आणखी वर. लाँड्रीवालीने पावडर वाढवलेली दिसते.
प्रदूषण नियंत्रणाच्या कार्यालयात लाँड्रीची तक्रार दिली. अडीच पानं, एकही खाडाखोड नाही.
थर्मामीटर राहिला.

१२ मे.
लाँड्रीला नोटीस लागली. तीस दिवसांत, म्हणजे अकरा जूनपर्यंत, खुलासा द्या, नाहीतर सील. सकाळी ती दारातच भेटली. म्हणाली, ताई, माझं पाणी गटाराच्या पाइपाला जातं, ते उलटं चढून तळ्यात कसं जाईल? मी म्हटलं, आकडे बोलतात. म्हणाली, बोलू देत, पण मला तीस वर्षांनंतर दुसरं काय काम येतंय?
तक्रार कोणाची, ते बोलले नाही. या गोष्टी गोपनीय असतात.

१९ मे.
प्रयोगशाळेतल्या मुलीने शुद्ध पाण्याचा सीलबंद कॅन पाठवला. हे तुमच्या बाटल्यांत भरून परत पाठवा म्हणे. माझी परीक्षा घेते आहे. बाटल्या तीनदा घासून पाठवल्या.

२६ मे. दुपारी.
मुलीचा फोन. त्या शुद्ध पाण्यातही फॉस्फेट तेवढंच. विचारलं, मावशी, बाटल्या कशा धुता? स्वच्छ, म्हटलं. म्हणजे कशाने? पावडरने. मग म्हणाली, त्या पावडरमध्येच फॉस्फेट असतं हो.
हे मला माहीत आहे. वेळेवर आठवलं नाही इतकंच.
ती माझे आकडे नोंदीतून काढून टाकणार आहे. पण नोटीस मागे घ्यायची तर कार्यालयाला नमुना घेणाऱ्याचं सहीचं पत्र लागतं. दहा मिनिटांचं काम. उद्या.
फोन ठेवला. जेवले. काही वाटलं नाही.

१ जून.
पत्राचे चार मसुदे झाले. घाईत लिहिलं की भाषा ढासळते. साधे कागद संपलेत, रेघांच्या कागदावर असलं पत्र शोभत नाही.
नव्या, साबण न लावलेल्या बाटल्यांतल्या नमुन्याचा निकाल आला. माझं ठिकाण सगळ्या तळ्यात सर्वांत स्वच्छ. स्वयंसेवकांच्या ग्रुपवर माझं अभिनंदन झालं. आभार मानले.

५ जून.
लाँड्रीवाली घरी आली. म्हणाली, ताई, तुम्ही शिकलेल्या, खुलासा लिहून द्या. लिहून दिला. 'नमुना घेताना संबंधित व्यक्तीकडून चूक झाली असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' उत्तम वाक्य. तिने विचारलं, ही संबंधित व्यक्ती कोण? म्हटलं, ते शोधणं कार्यालयाचं काम. ती बसून राहिली. चहा विचारला, नको म्हणाली. थोड्या वेळाने खुलासा माझ्याकडेच ठेवून गेली.

११ जून.
शेवटचा दिवस. दोन्ही पत्रं घेऊन कार्यालयात गेले, तिचं आणि माझं. खिडकीतल्या कारकुनाने तिचं ठेवून घेतलं, माझं अजून पर्समध्येच होतं. म्हणाला, असे खुलासे रोज येतात, चूक कोणाची ते कळल्याशिवाय उपयोग नाही. नाव सांगा, इथेच लिहून घेतो. मागे आठ माणसं. त्यांत आमच्या शाळेचे जुने हेडमास्तर. म्हटलं, पडताळणी चालू आहे. म्हणाला, मग झाली की या, पाचपर्यंत आहे मी.
घरी येऊन चहा घेतला. पाच वाजले. उद्या रांगेत पहिला नंबर लावायचा.

१६ जून.
लाँड्रीला सील. ती मागच्या अंगणात गिऱ्हाइकांच्या उरलेल्या चादरी दोरीवरून काढत होती. मशीन विकलं, थोरल्या बहिणीकडे राहायला जाते आहे म्हणाली. मी म्हटलं, ऊन फार आहे. म्हणाली, आहे.
मग पर्समधून माझं पत्र काढलं. म्हटलं, हे तुझ्या बाजूने लिहिलंय. म्हणाली, वाचून दाखवा, माझे हात ओले आहेत. वाचलं. 'संबंधित व्यक्तीने बाटल्या कपड्यांच्या पावडरने धुतल्यामुळे.' तिथे तिने थांबवलं. म्हणाली, ताई, मार्चमध्ये तुम्ही बाटल्यांची पिशवी माझ्याकडे ठेवून भाजी घ्यायला गेला होतात. दुकानभर पावडरीचा वास सुटला. मला त्या वासाचं शिकवायचं का कोणी?
मग बोलली का नाहीस, विचारलं. म्हणाली, मी सांगून साहेब कुठे ऐकणार, आकडे तुमचे. मला वाटलं, तुम्हीच सांगाल. पाच तारखेला त्यासाठीच आले होते, अर्जासाठी नाही.
पुढे वाचा म्हणाली, ती व्यक्ती कोण, ते येऊ दे. म्हटलं, चष्मा घरी राहिला. तिने माझ्याकडे पाहिलं. चष्मा डोळ्यांवर होता.
मग तिने चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. सात चादरी झाल्या. घड्या चांगल्या पडल्या.