दुसऱ्या भागातली बकरी

बाबा, आज दुपारी पोरांना बकरीच्या सिनेमाचा दुसरा भाग दाखवला, आणि तो संपल्यावर कोणाशी तरी बोलावंसं वाटलं तेव्हा तुमच्याशिवाय कोणी आठवेना. तुम्ही माझ्या लग्नाआधीच गेलात, ही पोरं पाहिली नाहीत. तुमची नात आता तिसरीत आहे, नातू येत्या जूनमध्ये शाळेत जाईल. त्यांची आईही तुम्ही पाहिली नाहीत. ती दिवाळीनंतर गेली. कॅन्सर होता, कळला तेव्हाच फार उशीर झाला होता. त्याबद्दल आज लिहीत नाही. आज फक्त सिनेमाबद्दल लिहितो. तिच्या जाण्याच्या दिवसापेक्षा आजची दुपार मला जड गेली असं दुसऱ्या कोणाला सांगितलं, तर तो मला वेड्यात काढेल.

नंदनवनातल्या आपल्या घराचा कूलर तुम्हाला आठवत असेल. पत्र्याचा, खिडकीत बसवलेला, सुरू झाला की शेजारच्यांनाही कळायचं. मे महिन्यात तो बंद ठेवायची सोय नव्हती आणि सुरू ठेवला तर टीव्हीवरचं एक अक्षर ऐकू येत नसे. तुमच्या मौद्याच्या शाळेला सुट्ट्या लागल्या की तुम्ही दुपारी बनियनवर आमच्या मागे येऊन बसायचात, आणि कार्टून लागलं की सगळ्या जनावरांचं बोलणं तुम्हीच बोलायचात. उंदीर, अस्वल, कुत्रा, सगळ्यांना एकच आवाज. नाकातून काढलेला, ओढलेला, भांडकुदळ. ‘काहून बे, डोये फुटले का तुये?’ शाळेत पोरं तुम्हाला टरकून असत, आणि घरी तुम्ही हे असं करत होतात. मला वाटायचं सिनेमेच तसे असतात. मग एकदा मित्राकडे थंडीच्या दिवसांत तेच कार्टून पाहिलं आणि कळलं की जनावरं भलतंच काही बोलतात, तेही हिंदीत. मी घरी येऊन तणतणलो, तुम्ही खोटं बोलता म्हणालो. तुम्ही वह्या तपासत होतात. मान वर न करता म्हणालात, ‘खोटं काहून गा? त्यायले आपली बोली येत नाही, म्हणून मी बोलून राह्यलो.’ एवढं बोलून तुम्ही पुढची वही ओढलीत.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी हे सगळं तिला सांगितलं आणि तुमचा आवाज काढून दाखवला. ती नाशिककडची. ‘काहून’ म्हणताना आधी लाजायची, मग तिला चटकच लागली. पोरं झाल्यावर हुडकेश्वरच्या या घरातही तोच प्रकार सुरू झाला. कूलर घोंघावतोय, टीव्हीवर जनावरं तोंड हलवताहेत, आणि ती पोरांना घेऊन बसली आहे नि एकेका जनावराला बोलतं करते आहे. माझ्यापेक्षा ती किती तरी चांगलं करायची. गेल्या उन्हाळ्यात बकरीचा पहिला भाग आमच्याकडे जवळजवळ रोज लागायचा. एक तिरसट बकरी आणि तिच्या कळपात राहायला आलेला भित्रा लांडगा, एवढीच गोष्ट. बकरी लांडग्याला झापते, आणि आमच्या घरात ती त्याला म्हणायची, ‘चाल बे, हात धुवून ये पह्यले, मंग जेवाले बस.’ पोरं हसून लोळायची. धाकटा तिच्या मांडीत बसलेला असे, तोंड टीव्हीकडे. त्याला दिसायचं बकरीचं तोंड आणि ऐकू यायचा आईचा आवाज. तीन वर्षांच्या पोराने दोन्हीचा मेळ आपल्या परीने घातला, आणि आमच्यापैकी कोणाच्या ते लक्षातही आलं नाही.

परवा संध्याकाळी मी वरणाला फोडणी देत होतो, तर मुलगी येऊन शेजारी उभी राहिली. म्हणाली, ‘पप्पा, तो म्हणते दुसऱ्या पार्टमध्ये आई बोलणार हाये. बकरी म्हणजे आईच, म्हणते. मी नाही म्हणलं तं मले चावला.’ आणि दंड पुढे केला. दाताचे वण स्पष्ट दिसत होते. माझी मोहरी जळून कोळसा झाली. आई गेल्यावर हा पोरगा फारसा रडला नव्हता. नातेवाईक म्हणत होते, लहान आहे, त्याला काय कळतं, सुटला बिचारा. तो सुटला नव्हता, बाबा. तो दुसऱ्या भागाची वाट पाहत होता.

मी टाळून पाहिलं. फोनमधले तिचे व्हिडिओ त्याला दाखवले. त्यात ती नाशिकच्या बोलीत ‘इकडे बघ, हस ना रे’ म्हणते. त्याने दोन-तीन पाहिले आणि फोन परत दिला. त्याला बकरीतली आई हवी होती, आणि ती कोणी साठवून ठेवली नव्हती. घरातल्या रोजच्या टवाळीचं रेकॉर्डिंग कोण करतं? आज सकाळी तो वाढदिवसाचा शर्ट घालूनच येऊन बसला. मग मी ठरवलं की कूलर पूर्ण वेगात ठेवायचा, तिच्या जागी बसायचं आणि आपणच बोलायचं. आवाज मुळात तुमचा. तिला दिला तो मीच. मला का जमू नये?

नाही जमलं. बकरी टेकडीवरून उतरली, तिने तोंड उघडलं, आणि मी म्हणालो, ‘काहून बे.’ ऑफिसात शिपायाला हाक मारावी तसं ते निघालं. पुढच्या वाक्याला नाक दाबून पाहिलं. काहीतरी चिरकं बाहेर पडलं. पोरगा मागे वळला. रागावलेला नव्हता, समजावत होता. ‘पप्पा, तुम्ही चूप राहा नं. आई बोलून राह्यली, ऐकूच येऊन नाही राह्यलं.’ आणि बहिणीला म्हणाला, ‘दीदी, कूलर बंद कर.’ तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मलाच ठाऊक नाही. तिने बटण दाबलं.

खोलीत एकदम शांत झालं. टीव्हीतून कोणी अनोळखी बाई स्वच्छ, सफाईदार हिंदीत लांडग्याला रागावत होती. वाईट काम केलं नव्हतं तिने. पोरगा पुढे सरकून पडद्याच्या अगदी जवळ गेला आणि बकरीच्या तोंडाकडे बघत बसला. त्याने कूलर पुन्हा सुरू करू दिला नाही. पूर्ण सिनेमा आम्ही तिघांनी घामाने निथळत पाहिला. विनोद झाला की मुलगी हळूच हसायची आणि लगेच गप्प व्हायची. शेवटी नावं वर सरकू लागली, तीही त्याने संपेपर्यंत पाहिली. मग म्हणाला, ‘हे दुसरीच बकरी हाये.’ आणि शर्टाची गुंडी चाचपत विचारलं, ‘आई तिसऱ्या पार्टमध्ये येईल का?’

मी हो म्हणालो. तुमचं ते खोटं नव्हतं, हे मला आता कळतं. हे मात्र निव्वळ खोटं आहे, आणि ते उघडं पडेल तेव्हा तो मोठा झालेला असेल, त्याला सगळं समजेल, आणि मी समोर असेन.

संध्याकाळी मागच्या अंगणात कूलरच्या टाकीत पाइप सोडून उभा होतो. आसपास कोणी नव्हतं, म्हणून पुन्हा प्रयत्न केला. तोंडाने नाही, नुसता मनात. म्हटलं, तिचा आवाज राहू दे, मुळातला आठवू, तुमचा. नंदनवनची खोली आठवली, बनियन आठवलं, वहीवर झुकलेली मान आठवली. तुम्ही तोंड उघडलंत आणि त्यातून ती बोलली. कितीदाही पाहिलं तरी तीच. टाकी भरून पाणी पायावर वाहू लागलं तरी मी तिथेच उभा होतो. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढं सांगून टाकतो. बाबा, तुमचा आवाज मला आठवत नाही.