लाकूडतोड्याशी बोलणारी बाई

अहो,

गेमच्या कंपनीने तुमचे बॉट, ते आपोआप खेळणारे खोटे खेळाडू, पकडून बंद केले आणि ‘दोन दिवसांत येतो’ म्हणून तुम्ही गेलात. त्यातला एक बॉट सुटलाय, तुमचा लाकूडतोड्या. गेममधल्या जंगलात तो आपोआप झाडं तोडतो. मी ती लाकडं विकून गेममधली नाणी करते आणि खेळणाऱ्यांना खऱ्या पैशाला विकते. घर त्यावरच चाललंय.

एक बाई रोज गेममध्ये यायची. लाकूडतोड्याशेजारी बसून लिहायची. मुलगा बोलत नाही, सून तोंडदेखलं हसते, असलं काहीबाही. मी भाजी निवडता निवडता वाचायची. उत्तर कधी दिलं नाही. बॉटने बोलायचं नाही, हे तुम्हीच बजावलं होतं.

मग एकदा तिने लिहिलं, “गाठ परत आलीये. घरी कुणाला सांगितलं नाही.”

मला राहवलं नाही, लाकूडतोड्याच्या तोंडून लिहिलं, “ताई, डॉक्टरकडे एकट्या जाऊ नका. कुणाला तरी सोबत न्या.”

तिने विचारलं, “तुम्ही माणूस आहात?”

“हो.”

“मला वाटलं, मशीन आहे. म्हणून तर बोलत होते.”

ती उठून गेली, ती पुन्हा आलीच नाही. तिचं खरं नावही मला माहीत नाही. चौकशी करू तरी कुणाकडे?

मुलं तुमचं विचारतात, मी वेळ मारून नेते. माझंही पुष्कळ साचलंय, थोडंथोडं लिहीत जाईन. भाऊजींनी तुमचा पत्ता दिलाय, पण पत्र टाकणार नाही. तुमचं उत्तर आलं, तर मला पुढचं लिहिता यायचं नाही.

तुमची,
घरची