श्राद्धाचा प्रोग्राम आणि मी लीडर

२ सप्टेंबर १९९६, सोमवार
कम्प्यूटर क्लासमध्ये फायनल प्रोजेक्ट जाहीर. तिघांचा ग्रुप : आमच्या मंगला गौरी मोहल्ल्यातली बकुळ, गंगेपलीकडच्या रामनगरहून सायकल हाणत येणारा काशीनाथ आणि मी. लीडर मी. निवडलं कुणी नाही, मीच आधी बोललो. मिश्रासर म्हणाले, ज्याचं काम उत्तम त्याला इथेच शिकवायला ठेवून घेऊ. ही नोकरी मिळालीच पाहिजे. नाहीतर पितृपक्षापासून बाबांबरोबर संकठा घाटावर श्राद्धं सांगायला बसायचं. बाबांनी स्वच्छ सांगितलंय. मी बी.ए. आहे. मेलो तरी बसणार नाही.

४ सप्टेंबर
काय आयडिया सुचलीय! माणूस वारल्याची इंग्रजी तारीख टाका, कम्प्यूटर श्राद्धाचा महिना आणि तिथी सांगेल. अख्खी काशी रांग लावेल. बकुळनं बाबांच्या जुन्या पंचांगांतून तिथ्या भरायच्या, काशीनाथनं बेसिक या कम्प्यूटरच्या भाषेत प्रोग्राम लिहायचा, मी प्लॅनिंग. निश्चय : उद्यापासून पहाटे उठून बेसिकचं पुस्तक वाचणे.

५ सप्टेंबर
उठलो. पुस्तक काशीनाथकडे.

९ सप्टेंबर, दुपार
बकुळ उगाच खुसपट काढते. म्हणे, शार्दूलदादा, आपला महिना अमावास्येला संपतो, इथल्या लोकांचा पौर्णिमेला. वद्य पक्षात महिन्याचं नावच वेगळं. तेव्हा प्रोग्रामनं आधी विचारू दे, मराठी की हिंदी. काशीनाथचंही तेच, हाँ भइया, हमारे यहाँ अलग है. मी म्हटलं, लीडर कोण? शास्त्र एकच असतं. बारकावे नंतर.

१२ सप्टेंबर
मशीनवर आमची पाळी. पहिल्या स्क्रीनवर स्टार छापून छापून गणपती काढला. सोंड जमेना. जमली, तेवढ्यात लाइट गेली. सेव्ह केलं नव्हतं. काशीनाथचा प्रोग्रामही त्यातच होता म्हणे. तो हिंदीत बरंच बोलला. मला कळलं नाही असं दाखवलं.

१६ सप्टेंबर, गणेश चतुर्थी
सणाला कोण काम करतं? ते दोघं करतायत. करू देत, अनुभव मिळेल.

१८ सप्टेंबर
उद्या डेमो. प्रोग्राम चालतो, पण कसा ते मला ठाऊक नाही. काशीनाथनं समजावलं, डोक्यात काही शिरेना. नोकरी गेली तर काय तोंड दाखवू? खरंच रडू येतंय. संकठामाई, सांभाळ गं बाई.

१९ सप्टेंबर
मेलो. सरांनी त्यांचे वडील वारल्याची तारीख टाकली. उत्तर आलं, श्रावण वद्य सप्तमी. सर म्हणाले, हम तो भादों में करते हैं. म्हणजे भाद्रपदात. बकुळ तोंड उघडतेय तोवर मी पुढे सरसावलो. ठणकावून सांगितलं, कम्प्यूटर चुकत नाही, इतकी वर्षं तुमच्या घरीच चुकीच्या महिन्यात श्राद्ध चाललंय. सरांचा चेहरा पांढराफटक पडला. अम्मा से क्या कहें म्हणत क्लास सोडून तडक घरी गेले. बकुळ कपाळाला हात लावून बसली. मुद्दा मी मांडला मात्र व्यवस्थित.

२१ सप्टेंबर
सर शंका घेऊन घाटावर आले, नेमके बाबांकडे. बाबा म्हणाले, दिवस तोच, तिथी तीच. आम्ही श्रावण म्हणतो, तुम्ही भादों. काही चुकलं नाही. सर त्यांच्या पाया पडले. मग बाबांनी मला विचारलं, जन्मभर या घरात काय ऐकलंस रे?

२४ सप्टेंबर
बकुळनं तिचा तो ‘मराठी की हिंदी’ प्रश्न घातला. प्रोग्राम बिनचूक चालतो. काशीनाथ पास, मी नापास, नोकरी बकुळला. बाबा प्रोग्राम बघून आले आणि इतके खूश झाले की स्वतःच शिकायला क्लासला नाव नोंदवलं. सकाळची बॅच, बकुळ शिकवणार. तेवढा वेळ घाटावर त्यांच्या जागी मी बसायचं.