माझ्या व्हिसाची नोव्हेना

प्रिय आई,

दोह्यातल्या अल हिलालहून तुझ्या रुथचा मुका. ड्युटी बरी चाललीय, वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे?

अमेरिकेच्या अध्यक्षांनी नियम कडक केले, माझा नर्सचा व्हिसा अडकला, म्हणून तू पुन्हा नऊ दिवसांच्या प्रार्थनेची नोव्हेना धरलीस म्हणे. आई, मी तर त्यांचे आभार मानते. दोह्यातच राहिले, म्हणून साडेतीन तासांत विमानाने घरी पोचले आणि पप्पांचा हात शेवटपर्यंत धरता आला.

तुझा लेक गॅव्हिन मात्र तिकडे अडकला. अमेरिकेतून निघाला तर परत घेतील की नाही, या भीतीने पप्पांच्या मातीलाही आला नाही. त्याचा फोन उचलत जा गं.

नोव्हेनाचे उरलेले दिवस त्याच्यासाठी कर. त्याला घरी येता यावं.

तुझी, साडेतीन तासांवरची,
रुथ