मोहिनी चमकत नसल्याच्या दाखल्याबाबत

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कार्यालय, यावल,
जि. जळगाव.

अर्जदार : श्रीमती बेबाबाई प्रेमराज फेगडे, वय ७४, धंदा : घरकाम व वर्तमानपत्र वाचून दाखवणे, रा. कर्दळखेडे, फैजपूरजवळ.

विषय : माझी नात कु. मोहिनी ही अंगातून किरणं सोडत नसल्याचा व अंधारात चमकत नसल्याचा सरकारी दाखला १८ मेच्या आत मिळणेबाबत.

संदर्भ : १) वर्तमानपत्र, दि. २३ एप्रिल, पान सात, खालचा कोपरा, चार ओळी.
२) शिरपूरच्या श्रीमती सुमनबाई यांचा मोबाइलवरचा आवाजी निरोप, दोन मिनिटं अकरा सेकंद.

महोदय,

विषय वाचून आपण चष्मा काढून पुसला असेल तर परत लावावा. विषय बरोबर आहे.

१) माझी नात मोहिनी ही फैजपूरला कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. तिचा साखरपुडा शिरपूरचे चि. योगराज यांच्याशी रविवार दि. १८ मे रोजी आमच्या अंगणात ठरला होता. मुलगा चांगला आहे. दोघं एकमेकांना पसंत आहेत, हे आम्हाला सांगितलेलं नाही, पण मला दिसतं. असं असताना मुलाच्या आजी सुमनबाई यांनी कळवलं आहे की शिक्क्याचा कागद दाखवल्याशिवाय शिरपूरहून एकही गाडी निघणार नाही. आज ८ मे आहे. दहा दिवस उरलेत.

२) हे कशामुळे झालं ते खरं खरं लिहिते. उन्हाळ्यात दुपारी आमच्या गच्चीवर बायका वाळवणाच्या बिबड्या घालतात. ज्वारीचं शिजलेलं पीठ ओल्या कापडावर हाताने थापायचं असतं, त्यामुळे सगळ्यांचे हात कोपरापर्यंत भरलेले. माझे गुडघे खाली बसू देत नाहीत म्हणून मला खुर्ची आणि वर्तमानपत्र दिलेलं आहे. आधी निधनवार्ता वाचायच्या, मग विज्ञान. राजकारण कोणी ऐकत नाही. विज्ञानाचं बरं असतं साहेब, तपासायला कोणी जात नाही.

३) आमच्या गच्चीला विज्ञानाची चांगली जाण आहे हे आपल्याला कळावं म्हणून दोन दाखले देते. चंद्र पृथ्वीपासून दर वर्षी दोन बोटं लांब जातो अशी बातमी वाचली तेव्हा पलीकडची रूपा म्हणाली, “जाऊ दे ना अक्का. माझी नणंद दर वर्षी चार बोटं आत येते, तिची बातमी कोणी छापत नाही.” कपड्यांच्या घड्या घालणारा यंत्रमानव आला, असं वाचलं तेव्हा शेजारच्या अमिनाबीने एवढंच विचारलं, “घड्या घालेल, पण पाऊस आला तर दोरीवरचे कपडे काढायला पळेल का?” याचं उत्तर बातमीत नव्हतं.

४) दि. २३ एप्रिलला बातमी आली की केळ्यात पोटॅशियम असतं आणि त्यातला अगदी कणभर भाग किरणोत्सर्गी असतो, म्हणजे किरणं सोडतो. पुढे लिहिलं होतं की त्याने काही होत नाही. ते शेवटचं वाक्य मी वाचलं नाही, कारण तेवढ्यात चहा आला. ही माझी पहिली चूक.

५) आपण जाणताच, आमच्या गावात केळीशिवाय काही नाही. जन्मलेलं पोर केळीच्या पानावर निजतं आणि मेलेला माणूस केळीच्या मळ्यावरून जातो. त्यामुळे थापणारे हात थांबले. मग अमिनाबी म्हणाली, “तरीच. माझा मुलगा हाशम तीस वर्षं केळीचे ट्रक भरतोय, डोक्यावर एक केस राहिला नाही.” रूपाने विचारलं की लाइट गेली तर स्वयंपाकघरात घड टांगून चालेल का. गल्लीतला सुपडू पाण्याची टाकी बघायला वर आला होता, तो खाली गेला आणि मोबाइल घडाला बांधून आला. म्हणाला, दोन दांड्या रेंज जास्त येते. हे सगळं माझ्याआधी झालेलं आहे, याची कृपया नोंद घ्यावी.

६) बातमी चार ओळींची आणि बायका अकरा. पाहुणे वाढले की वरणात पाणी घालतात, तसं मी बातमीत घातलं. मी म्हणाले की आमची मोहिनी लहानपणी दिवसाला आठ केळी खायची, आणि पहाटे ती ओसरीवर आली की शेजारचा कोंबडा उजाडलं समजून आरवायचा. आणि माझ्या सासूबाई तिच्या उजेडात सुईत दोरा ओवायच्या. बायका इतक्या हसल्या की एक बिबडी कापडावरून गच्चीखाली गेली. मला वाटलं, विषय संपला.

७) रूपाने पिठाच्या हाताने ते मोबाइलवर टिपलं होतं. तिने शिरपूरच्या आपल्या मावशीला पाठवलं. मावशीचं घर सुमनबाईंच्या भिंतीला भिंत लागून आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी संदर्भ क्र. २ चा निरोप आला. त्यातलं मुख्य वाक्य जसंच्या तसं देते : “बेबाअक्का, तुमनी नातना आंगमा किरणं शेतस म्हणे. बठ्ठी गल्ली इचारस. आमले कागद पायजे, शिक्कावाला.” बाकीच्या दीड मिनिटात त्यांच्याकडच्या उन्हाची आणि गुडघेदुखीची माहिती आहे.

८) सदर कोंबड्याची चौकशी करायची असल्यास तो अमिनाबीचा होता व २००६ सालीच मयत झाला. मृत्यूचा दाखला काढलेला नाही. अमिनाबी मात्र लेखी द्यायला तयार आहे की तो कोंबडा मुळातच अर्धवट होता, ट्रॅक्टरचा दिवा दिसला तरी आरवायचा.

९) इथे मला राग आला, हेही कबूल करते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे नदीच्या दोन काठांवरच्या बायका एकमेकींना शिव्या देतात, आणि संध्याकाळी त्याच बायका एकत्र बसून पुरणपोळी खातात. शिवीला शिवी द्यायची, गप्प बसायचं नाही, ही रीत. ३० एप्रिलला आखाजीच होती. मी वर्तमानपत्रांची रद्दी काढली आणि शिरपूरला निरोप पाठवला की तुमच्याकडच्या कापसाच्या बियाण्यात जिवाणूचा गुण घातलेला असतो आणि त्याने बोंडअळी मरते. तुमचा योगराज जन्मापासून त्याच कापसाच्या गादीवर निजतो. तर मुलगा कीटकनाशक नसल्याचा दाखला आम्हालाही पाहिजे. त्यावर उत्तर आलं, “आमना पोऱ्याले डास चावतस नही, यामा तुमनं काय गयं?” याला काय म्हणावं? मुलाचा दोष लपवला नाही, उलट गुण म्हणून सांगितला. बाई हुशार आहे.

१०) मग मोहिनीने मध्ये पडून सांगितलं की ते पोटॅशियम प्रत्येक माणसाच्या अंगात असतं, शेजारी निजलेल्या माणसाकडूनही थोडी किरणं येतात, त्याने काही होत नाही. या वेळी मी शेवटचं वाक्यसुद्धा निरोपात घातलं. तरी सुमनबाईंनी त्याच दिवशी आपल्या यजमानांची खाट ओट्यावर टाकली. यजमान आबांनी मला वेगळा फोन करून आभार मानले. म्हणाले, “अक्का, बावन्न वर्षांत पहिल्यांदा सगळा वारा माझ्या तोंडावर आला.” पण त्यामुळे सुमनबाईंचं म्हणणं आणखी पक्कं झालं.

११) यानंतर त्यांची नवी अट आली की मांडवाच्या दाराला केळीचे खांब नकोत, ते प्लास्टिकचे घेऊन येतील. साहेब, केळीच्या गावात प्लास्टिकची केळ! हे कळल्यावर आमच्या भावकीतले लोक माझ्याकडे ज्या नजरेने बघतात, ती नजर मी फक्त करपा पडलेल्या बागेकडे बघताना पाहिली आहे.

१२) आणि मोहिनी. ती माझ्याशी सहा दिवस बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. सातव्या दिवशी एवढंच म्हणाली, “आजी, तुझ्या कोंबड्यापायी माझं लग्न मोडतंय.” तिच्या आवाजात रागही नव्हता. मी आयुष्यभर गोष्टी वाढवून सांगत आले, पण या गोष्टीला मला एक शब्द जोडता आला नाही. म्हणून हा अर्ज.

१३) गावातल्या ऑनलाइन सेवा केंद्राचे ललितभाऊ यांच्याकडे मी आधी जाऊन आले. त्यांनी सगळी यादी उघडून दाखवली. उत्पन्नाचा, जातीचा, रहिवासाचा, वयाचा, असे दाखले आहेत. न चमकण्याचा नाही. ललितभाऊंनी सुचवलं की रहिवासी दाखला काढून शेऱ्यात “अंधारात दिसत नाही” असं लिहून घ्यावं. पण त्याने मुलगी बेपत्ता आहे असा समज होईल, म्हणून मी नको म्हटलं.

१४) काल दि. ७ मे रोजी सुमनबाई स्वतः गाडी करून आल्या. चहाला नको म्हणाल्या. भर दुपारी त्यांनी कोठीच्या खोलीचं दार लावलं, खिडकीला गोणपाट लावलं आणि मोहिनीला घेऊन अंधारात बसल्या. आम्ही बाहेर. मग कुजबुज. मग दोघींचं हसणं, ते थांबेचना. अर्ध्या तासाने दार उघडलं तेव्हा सुमनबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं आणि केसांत ज्वारीचं भूस. आत काय बोलणं झालं ते दोघी सांगत नाहीत. मी दाराला कान लावला होता, पण कोठीचं दार सागवानी आहे.

१५) सुमनबाईंनी जाहीर केलं की पोरगी चमकत नाही, सोनं आहे, लग्न करायचं. मला वाटलं, सुटले. पण त्यांनी मला बाजूला घेतलं आणि खाली मान घालून सांगितलं की दाखला तरी लागेलच. कारण शिरपूरला त्यांनीही गल्लीत थोडं पाणी घातलेलं आहे. आमची होणारी नातसून पुस्तक दिव्याशिवाय वाचते, असं त्या सगळीकडे सांगून बसल्या आहेत. आता साखरपुड्याला तीस बायका फक्त मुलगी बघायला येणार आहेत, त्यातल्या दोघी काळे गॉगल घेऊन. मुलगी चमकली नाही तर सुमनबाईंना गल्लीत तोंड दाखवता येणार नाही, आणि चमकते म्हटलं तर त्यांची भावकी लग्न होऊ देणार नाही.

१६) त्यावर सुमनबाई रात्री मुक्कामालाच राहिल्या आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या दोन तास बसलो. शेवटी दोघींची अब्रू राहील असा मजकूर तयार केला. तो खालीलप्रमाणे असून आपण फक्त सही-शिक्का करायचा आहे :

“दाखला देण्यात येतो की कु. मोहिनी, रा. कर्दळखेडे, ही पूर्वी चमकत असल्याचे दोन्ही गावांच्या वयस्कर बायकांकडून समजते. तथापि सध्या ती चमकत नाही.”

मोहिनीने हा मजकूर वाचला. शास्त्राच्या दृष्टीने यात बरंच काही चुकीचं आहे असं तिचं मत आहे, पण १८ तारखेपर्यंत ती ते मत बाजूला ठेवायला तयार आहे.

१७) हा दाखला कोणत्या नियमात बसतो ते आपल्याला माहीत. न बसल्यास दुसरी विनंती अशी की आपण १८ मेला सकाळी अकरा वाजता जातीने यावं, मोहिनीच्या शेजारी उभं राहावं, तिच्या हातचं एक केळं तीस बायकांसमोर सोलून खावं आणि दहा मिनिटं तिथेच थांबावं. आपल्याला काही झालं नाही हे दिसलं की तोच आमचा दाखला. आपलं लग्न झालेलं असावं, एवढी एकच अट सुमनबाईंनी घातली आहे. तीस बायकांमध्ये चार स्थळं बघणाऱ्या आहेत.

तरी वरील दोहोंपैकी आपल्याला जे झेपेल ते करावं आणि एका पोरीचं लग्न दोन म्हाताऱ्यांच्या तोंडातून सोडवावं, ही हात जोडून विनंती.

सोबत : १) वर्तमानपत्राचं कात्रण (शेवटच्या ओळीखाली मोहिनीने लाल रेघ मारली आहे). २) कोंबड्याबाबत अमिनाबीचा जबाब, अंगठ्यासह. ३) योगराजला डास चावत नसल्याबाबत त्याच्या आजीचं निवेदन.

ठिकाण : कर्दळखेडे
दिनांक : ८ मे २०२५

आपली नम्र आणि यापुढे बातमी शेवटपर्यंत वाचणारी,
बेबाबाई प्रेमराज फेगडे
(सही)

मुलाकडची ना हरकत :

अर्ज मी ऐकी लिधा. बठ्ठं बराबर शे. फक्त सायेबले इनंती, दाखलामा “सध्या” हाऊ शब्द खोडू नका. पुढलं कोनी देखेल शे?

सुमनबाई, शिरपूर
(सही)